मागच्या पडवीचे वासे: दोन बाय चार, दोन बाय सहा की तीन बाय सहा?

राजापूरकर (सोमवार, सकाळी ९:१०)

मंडळी, सल्ला हवाय.

राजापूर तालुक्यात आमचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. मागच्या अंगाला पडवी काढायची आहे. लांबी १८ फूट, रुंदी १० फूट, छप्पर एकपाखी, वर मंगलोरी कौलं. वासे एका बाजूला घराच्या भिंतीवर टेकतील, दुसऱ्या बाजूला खांबांवरच्या भालेवर (आडव्या तुळईवर). पुढे दोन फूट वळचण.

आता घोळ असा आहे की तिघांची तीन मतं. मेस्त्री म्हणतात, दोन बाय चार इंचांचे वासे दोन-दोन फुटांवर टाकू, आयुष्यभर हेच करत आलोय. काका म्हणतात, तीन बाय सहाच्या खाली हात लावू नकोस. चुलतभाऊ पुण्यात टॉवर बांधतो, तो म्हणतो लाकूड विसर, लोखंडी पाइप टाक आणि मोकळा हो.

दोन बाय चार आणि तीन बाय सहा यांत लाकूड सव्वादोन पट लागतं. मिलवाला घनफुटावर पैसे घेतो, काकांच्या अनुभवावर नाही. म्हणून विचारतो, वाशाचं माप ठरवायचं कसं? अंदाजपंचे नको, हिशेब हवा.

तिरका_खिळा (सोमवार, सकाळी ९:३१)

तीन बाय सहा टाका. उद्या चुलतभावाने वर टॉवर बांधायला घेतला तरी काळजी नको.

सातबारा (सोमवार, सकाळी ९:४०)

लाकूड कुठलं ते आधी सांगा. विकतचं की घरचं? घरचं असेल तर कापलंय की अजून उभं आहे?

राजापूरकर (सोमवार, सकाळी १०:०५)

@सातबारा, आमच्या कलमांच्या वरच्या अंगाला किंजळाची दोन झाडं आहेत, अजून उभी. ऐनाचं एक झाड वादळात पडलं होतं, त्याचे ओंडके गोठ्यात आहेत. सागाचं काही नाही, घ्यायचा झाला तर विकत.

गोंयकार (सोमवार, सकाळी १०:२२)

आमच्याकडे जुन्या घरांना सर्रास माडाचे वासे. पिकलेला, म्हातारा माड हवा. बाहेरचा काळपट, कठीण भाग तेवढाच घ्यायचा, आतला भुसा टाकून द्यायचा. तरण्या माडाचा वासा दोन पावसाळ्यांत मान टाकतो. पाखी पोफळीच्या रिपांची (वाशांवरच्या आडव्या पट्ट्यांची). लोखंडाला खारी हवा खाते, माडाला खात नाही, हे चुलतभावाला सांगा.

निवृत्त_ओव्हरसियर (सोमवार, सकाळी ११:४८)

हिशेब हवा म्हणालात म्हणून बसलो. जरा लांबेल.

पहिली गोष्ट, वजन. मंगलोरी कौलं रिपांसकट उताराच्या दर चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरतात. वाशाचं स्वतःचं पाच किलो धरा. छप्पर ३० अंशांच्या उताराचं, म्हणजे जमिनीवरच्या सपाट मापात हे सुमारे ८१ किलो झालं. त्यावर वर चढणाऱ्या माणसाचं, साठलेल्या पाल्याचं वगैरे वजन. आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात १० अंशांवरच्या उताराला ७५ किलोपासून सुरुवात करून दर अंशाला २ किलो कमी करतात, पण ४० च्या खाली जात नाहीत. ३० अंशांना ४० च धरायचे. एकूण १२० किलो दर चौरस मीटर.

वासे दोन फुटांवर म्हणजे ६० सेंटिमीटरवर. एका वाशावर दर मीटरला ७२ किलो. गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, १० फूट, म्हणजे ३ मीटर.

आता ताकद. दोन बाय चारचा वासा (५० बाय १०० मिलिमीटर) घेतला तर त्यात वाकण्याचा ताण येतो दर चौरस मिलिमीटरला साडेनऊ न्यूटन. आयएस ८८३ (लाकडी बांधकामाचं मानक) मध्ये लाकडांचे अ, ब, क असे गट आहेत. साग 'ब' गटात. त्या गटाच्या पहिल्या प्रतीच्या लाकडाला छपराखाली कोरड्या जागी १२ पर्यंत चालतं. म्हणजे मेस्त्री बरोबर आहेत. दोन बाय चार मोडणार नाही.

पण मोडणं हा प्रश्नच नाही. प्रश्न बाकाचा आहे. त्याच वाशाला मधोमध बाक येतो सुमारे २४ मिलिमीटर, जवळजवळ एक इंच. कौलासारखी ठिसूळ वस्तू वर असेल तर त्याच आयएस ८८३ प्रमाणे बाक लांबीच्या तीनशेसाठाव्या भागाच्या आत हवा. उतारावर तुमचा वासा ३.४६ मीटरचा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. इथे अडीच पट जातोय. पडणार नाही, पण पाखी मधे खोलगट दिसेल, कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसणार नाहीत आणि श्रावणात पडवीत बादल्या लावाव्या लागतील.

हीच मापं पुढे:

दोन बाय पाच: १२ मिलिमीटर. जरा जास्तच.
अडीच बाय पाच: पावणेदहा. काठावर.
दोन बाय सहा: ७ मिलिमीटर. निवांत.

तीन बाय सहाची गरज नाही. काकांना नमस्कार सांगा.

यातून लक्षात ठेवण्यासारखं एवढंच की वाशाची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, पण उंची दुप्पट केली तर आठपट. म्हणून पैसे उंचीत घाला, जाडीत नाही. आणि गाळ्याची लांबी याहून बेरकी आहे. दहा फुटांचा गाळा बारा केला की बाक थेट दुप्पट.

वासे जवळ टाकून दोन बाय पाच वापरता येतील का, असं कोणी विचारेलच. दीड फुटांवर टाकले तर बाक बसतो, पण वासे १० ऐवजी १३ लागतात. चौदा फुटी वाशांचा हिशेब केला तर दोन बाय पाचचे १३ म्हणजे साडेबारा घनफूट, आणि दोन बाय सहाचे १० म्हणजे पावणेबारा. उंच वासा स्वस्त पडतो.

मोडी_लिपी (सोमवार, दुपारी १२:०२)

वाचनखूण साठवली. आमच्याकडे छप्पर नाही, सातव्या मजल्यावर राहतो, तरी साठवली.

तिरका_खिळा (सोमवार, दुपारी १२:१०)

ओव्हरसियरसाहेब, त्या काळी तुमच्या हाताखालचे मेस्त्री तुम्हाला बघून मिल बदलत असतील.

पोफळीची_रीप (सोमवार, दुपारी १:१५)

हिशेब मान्य. पण त्या हिशेबातला 'दोन बाय पाच' मिलमध्ये मिळत नाही, हे कोणी सांगायचं?

आमचं तीन पिढ्यांचं सुतारकाम. मिलवाला दोन बाय पाच म्हणून देतो त्यात करवतीची धार जाते, वाळताना आकसतं, वर तुम्ही रंधा मारून घेता. वाशाला टेप लावा, पावणेदोन बाय पावणेपाच हातात येतं. कधी त्याच्याही आत. पैसे मात्र पूर्ण दोन बाय पाचचे.

म्हणून माप ठरवताना 'तयार माप' म्हणून सांगा. मिलवाला कुरकुर करेल, करू दे. आणि वासा जाडीला कमी भरला तर चालवून घ्या, उंचीला कमी भरला तर परत करा. माझे आजोबा शिकले नव्हते, पण हेच सांगायचे. का ते ओव्हरसियरसाहेबांनी आज सांगितलं.

निवृत्त_ओव्हरसियर (सोमवार, दुपारी १:४०)

@पोफळीची_रीप, एकदम रास्त. ४५ बाय १२० मिलिमीटर धरून पुन्हा केलं तर दोन बाय पाचचा बाक १२ वरून १५ वर जातो. पाव इंचाची ही किंमत.

थेम्सकाठी (सोमवार, दुपारी ३:२०)

आमच्या लंडनच्या घराला मागे स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा हेच सगळं पाहिलं होतं. तिथे लाकडावर शिक्काच असतो, सी १६ किंवा सी २४. आमचे ४७ बाय १४७ चे सी २४, ४०० मिलिमीटरवर. तक्त्यात गाळा बघायचा, माप उचलायचं, पालिकेचा माणूस येऊन बघून जातो. सी २४ म्हणजे २४ न्यूटन. आपल्याकडे सागाला नुसते १२? साग पाइनहून दुबळा?

निवृत्त_ओव्हरसियर (सोमवार, दुपारी ३:५५)

नाही हो. ते २४ म्हणजे चाचणीत लाकूड मोडतं तिथली मर्यादा, शंभरातले पाच नमुने सोडून. त्यावर पुढे भाराचे आणि लाकडाचे वेगळे गुणक लागतात, मग ते खाली येतं. आपले १२ हे सगळी सुरक्षितता आधीच वजा करून दिलेले आहेत. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

मात्र तुमच्याकडचा शिक्का हवाहवासा वाटतो. इथे वाशाची प्रत ठरवायला मेस्त्रीचा डोळा आणि गाठीवर मारलेली टिचकी एवढंच.

मानसी_कु (सोमवार, दुपारी ४:३०)

एवढा सगळा हिशेब झाला, पण धागाकर्त्यांनी एक आकडा दिलाच नाही. घराच्या भिंतीवर वासे किती उंचीवर टेकणार?

मी इंटिरियरचं काम करते, त्यामुळे मला डोकं आपटण्याची काळजी. ३० अंशांच्या उताराला दहा फुटांत छप्पर ५ फूट ९ इंच खाली येतं. गुहागरला एका घरात नेमकं हेच झालं होतं. वासे उत्तम, कौलं उत्तम आणि पडवीत घरचा एकही पुरुष ताठ उभा राहू शकत नव्हता. बायकांना तर धुणं वाळत घालायला गुडघ्यावर.

राजापूरकर (सोमवार, संध्याकाळी ७:५०)

@मानसी_कु, आत्ता शिडी लावून मोजलं. पडवीच्या जमिनीपासून ११ फूट ९ इंच. त्याच्या वर जुन्या छपराची वळचण येते, अजून वर जाता येत नाही.

मानसी_कु (सोमवार, रात्री ८:०५)

मग खांबांच्या ओळीत वासा बरोबर सहा फुटांवर येतो. त्याखाली भाल, म्हणजे साडेपाच फूट मोकळे. आणि वळचणीचं टोक ४ फूट १० इंचांवर. बाहेरून येणारा पाहुणा नमस्कार करतच आत येईल.

तिरका_खिळा (सोमवार, रात्री ८:०९)

संस्कारी पडवी.

कोरडा_दुष्काळ (सोमवार, रात्री ८:३०)

उतार कमी करा की. आमच्याकडे लातूरला पत्र्याला हाताएवढा उतार देतात, चालतंय.

पोफळीची_रीप (सोमवार, रात्री ८:४४)

लातूरला चालतं. राजापूरला जुलैत पाऊस आडवा येतो. मंगलोरी कौलाला ३० अंशांच्या खाली नेलं की वाऱ्याबरोबर पाणी कौलाच्या खाचेतून उलटं चढतं. पत्रा असता तर गोष्ट वेगळी.

माकडछाप (सोमवार, रात्री ९:१०)

अरे, वाश्यांचा काय ता मागसून बघा, आधी माकडांचा काय ता ठरवा!

गंमत नाही करत. आमच्या कुडाळजवळच्या घरावर वानरांची टोळी येते, रोज. दहा-बारा किलोचा हुप्प्या फणसावरून पाखीवर उडी टाकतो, कौल फुटतंच. दर शाकारणीला पाऊणशे-शंभर कौलं बदलायची. शेवटी सगळ्या वाडीने पत्रे घातले. जी कौलारू राहिली ती घरं मुंबईकरांची, वर्षातून दहा दिवस फोटोपुरती.

वाळवी (सोमवार, रात्री ९:३५)

@माकडछाप, दुःख कळतं. पण पत्र्याखाली मे महिन्यात बसून दाखवा.

आमच्याकडे मधला मार्ग काढलाय. वाशांवर पत्रा, त्यावर रिपा, त्यावर कौलं. कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही आणि ऊन कौलांवरच अडतं. वजन थोडं वाढतं, पत्रा हलकाच असतो, पण माप ठरवताना धरा.

मी मात्र आलो होतो वेगळंच सांगायला, टोपणनावाला जागून. वाशाचा जीव मधोमध जात नाही, टोकाला जातो. चिऱ्याच्या भिंतीत खोबण काढून टोक आत घालतात आणि सगळीकडून सिमेंट लिंपतात. चिरा पावसात पाणी पितो, टोक कायम ओलं, आठ-दहा वर्षांत आतून भुसभुशीत. बाहेरून वासा ठणठणीत दिसतो, पेचकस खुपसला की मुठीपर्यंत आत.

टोकाच्या तिन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा ठेवा, टोकाला डांबर किंवा काजूच्या टरफलांचं तेल दोनदा पाजा, आणि वासा थेट चिऱ्यावर न ठेवता खाली लाकडी पाट द्या. त्याहून बरं म्हणजे भिंतीत शिरूच नका. भिंतीला आडवी भाल बोल्टांनी ठोका आणि वासे तिच्यावर टेकवा.

आणि पांढरा भाग नको, कुठल्याही झाडाचा. गाभाच हवा. किंजळाच्या पांढऱ्या भागात भुंगा शिरला की रात्री कर्र-कर्र ऐकत झोपायचं.

सातबारा (सोमवार, रात्री १०:१५)

आता माझा प्रश्न का विचारला होता ते सांगतो. किंजळ अजून उभे आहेत म्हणालात. आपल्या जमिनीतलं झाड असलं तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत किंजळ आहे, ऐन आहे, साग, आंबा, फणस, जांभूळही आहे. परवानगी घ्या, मगच कुऱ्हाड. मिलपर्यंत न्यायला वाहतुकीचा पास वेगळा. वादळात पडलेल्या ऐनाचाही पंचनामा झाला नसेल तर कागद नीट करून घ्या, नाहीतर ओंडके टेंपोत आणि तुम्ही नाक्यावर.

बांधकामाचंही ग्रामपंचायतीत कळवा. नमुना आठवर क्षेत्र वाढलं की घरपट्टी वाढेल, पण विकताना-वाटण्या करताना तोच कागद उपयोगी पडतो.

निवृत्त_ओव्हरसियर (मंगळवार, सकाळी ६:२०)

@सातबारा यांच्या मुद्द्याला जोडून. आज परवानगी मिळून किंजळ पडला तरी तो या पावसाळ्याआधी वासा म्हणून वापरू नका. ओलं लाकूड ओझ्याखाली वाळलं की बाक तिथेच कायमचा बसतो, आणि काही वर्षांत सुरुवातीच्या दुप्पट होऊ शकतो. माझे सगळे आकडे वाळलेल्या लाकडाचे आहेत. कापून, मधे पट्ट्या घालून, सावलीत रचून ठेवा. जाडीच्या इंचाला एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे. आपल्या हवेत थोडं इकडेतिकडे, पण दोन-चार महिन्यांत काही होत नाही.

गोठ्यातला ऐन वाळला असेल. ऐन सागाहून जड आणि ताठ, वाशाला उत्तम. फक्त वाळताना तडकतो, पिळही धरतो. कापल्यावर प्रत्येक नग डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून बघा, पिळलेला बाजूला काढा.

ओली_सुपारी (मंगळवार, सकाळी ८:४५)

दापोलीहून. सगळे छप्पर खाली कसं येणार नाही ते बघताहेत. आम्ही ३ जून २०२० ला ते वर जाताना पाहिलं.

निसर्ग वादळात आमच्या मुख्य घराची कौलं उडाली, पण वासे जाग्यावर राहिले. पुढची पडवी मात्र अख्खी, वासे-रिपांसकट, उचलली गेली आणि सुपारीच्या बागेत जाऊन पडली. बागही आडवीच होती म्हणा. तीन बाजूंनी उघडी पडवी म्हणजे वाऱ्याला तोंड उघडून दिलेलं. खालून शिरतो, वर उचलतो. आमचे वासे तीन बाय पाचचे होते, चांगले सागाचे. भालेवर प्रत्येकी एका खिळ्याने बसवलेले. खिळे सरळच्या सरळ उपटून आले होते, वाकलेसुद्धा नव्हते.

निवृत्त_ओव्हरसियर (मंगळवार, सकाळी ९:३०)

@ओली_सुपारी, हा मुद्दा माझ्या आधीच्या हिशेबाइतकाच मोठा आहे.

आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग मुंबईला सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीला ३९ दिलाय. ३९ धरला तरी त्याचा दाब दर चौरस मीटरला ९१२ न्यूटन, म्हणजे ९३ किलो. उघड्या पडवीला उचल साधारण त्याच घरात जाते. तुमची कौलं ६५ किलोची. वजाबाकी करा. कौलांच्या फटींतून थोडी हवा निसटते म्हणून एरवी निभावतं, वादळात नाही.

म्हणून प्रत्येक वासा भालेला लोखंडी पट्टीने बांधा, पट्टी वरून घेऊन दोन्ही बाजूंनी स्क्रू. गॅल्व्हनाइज्ड पट्टी. भाल खांबाला बोल्टने, खांब जोत्यात गाडलेल्या लोखंडी पायाला. साखळीतली एक कडी खिळ्याची ठेवलीत तर बाकी सगळं वाया. वळचणीकडच्या पहिल्या दोन-तीन ओळींची कौलं तारेने रिपांना बांधा, कौलाला त्यासाठी भोक असतंच.

आणि वासा भालेवर बसवताना मेस्त्री खाच पाडतात ती वाशाच्या उंचीच्या पाव भागापेक्षा खोल नको. मी अर्धा वासा कापलेला पाहिलाय. पाच इंची वासा घ्यायचा आणि टेकूवर अडीच इंची करायचा, मग पाचचे पैसे कशाला दिले?

चुलतभाऊ_नव्हे (मंगळवार, सकाळी १०:००)

लोखंडी पाइपांची बाजू कोणी मांडतच नाहीये. पाइपला परवानगी नाही, पास नाही, वाळवी नाही, पिळ नाही. दोन दिवसांत उभं.

गोंयकार (मंगळवार, सकाळी १०:१८)

आणि खाडीकाठी पाच वर्षांत आतून गंजून कागद. बाहेरून रंग झळकतोय. वाळवी बरी, ती निदान माती दाखवते.

चुलतभाऊ_नव्हे (मंगळवार, सकाळी १०:२५)

टोकं वेल्ड करून बंद केली, वर्षाआड रंग दिला तर टिकतो. देत नाही कोणी हा भाग वेगळा.

राजापूरकर (मंगळवार, रात्री ९:४०)

दिवसभर घरात चर्चा झाली. आईने निकाल दिला: "वाकून स्वयंपाक मी करणार नाही, रुंदी कमी करा." पडवी ८ फुटांची. खांबाशी वासा आता ७ फूट १ इंचावर येतोय, वळचणीचं टोक सहा फुटांवर. मानसीताई, आभार. तुम्ही विचारलं नसतंत तर खांब उभे केल्यावर कळलं असतं.

लाकूड गोठ्यातल्या ऐनाचं, आणि कमी पडेल तर विकतचा साग. किंजळ उभेच राहू देत.

आता ओव्हरसियरसाहेब, ८ फुटांना वासा किती? आणि भाल? १८ फुटांत खांब किती हेही ठरलेलं नाही. आईला मधे खांब कमीत कमी हवेत.

निवृत्त_ओव्हरसियर (बुधवार, सकाळी ६:०५)

आठ फुटांचा गाळा केल्यावर चित्रच पालटतं. बाक निम्म्याहून खाली येतो.

दोन बाय चार: साडेदहा मिलिमीटर, मर्यादा पावणेआठ. मेस्त्रींचं माप अजून थोडक्यात हुकतंय. एरवी ते छोट्या गाळ्यांवर काम करत असणार, तिथे ते बरोबरच असतं.
दोन बाय पाच: सव्वापाच. हेच घ्या. मिलच्या पावणेदोन बाय पावणेपाचनेही साडेसहा-पावणेसात येतो, म्हणजे तरीही बसतं. दोन फुटांवर १० वासे, प्रत्येकी १२ फुटी (उतारावर सव्वानऊ आणि वळचणीचे सव्वादोन). साधारण सव्वाआठ घनफूट. काकांच्या मापाने दहा फुटी पडवीला साडेसतरा लागले असते.

भालेला वासा अर्धा गाळा आणि वळचण मिळून मीटरला सुमारे २२० किलो देतो. खांब सहा-सहा फुटांवर म्हणजे एकूण चार खांब: तीन बाय चार काठावर, तीन बाय पाच घ्या. खांब नऊ-नऊ फुटांवर म्हणजे तीन: चार बाय सहा. तीन बाय सहा आकड्यात जेमतेम बसतं, पण मिलचं माप धरलं तर बसत नाही. आईंना विचारा, मधे एक खांब की दोन.

वाळवी यांचं पत्रा-कौलं करणार असाल तर चौरस मीटरला पाच-सहा किलो वाढतील. दोन बाय पाच ते पेलतं.

राजापूरकर (बुधवार, सकाळी ८:१५)

एकच खांब. विचारायची गरजच नव्हती. भाल चार बाय सहा. पण १८ फूट सलग मिळणं कठीण, ऐनाचे ओंडके ११-१२ फुटी आहेत. जोड कुठे घेऊ?

पोफळीची_रीप (बुधवार, सकाळी ८:५०)

जोड मधल्या खांबाच्या डोक्यावरच. दुसरीकडे कुठेही नाही. खांबाच्या माथ्यावर दीड-दोन फुटांची उशी ठेवा, भालेचे दोन्ही तुकडे तिच्यावर टेकू देत, तिरकी जोड पाडून दोन बोल्ट आरपार. जोडीच्या जागी गाठ येत असेल तर तुकडा उलटा करून बघा, नाहीतर दुसरा घ्या.

आणि वाशात गाठ असेलच तर वासा उभा करताना ती वरच्या कडेला ठेवा, खालच्या नाही. खालची कड ताणली जाते, गाठीशी फाटते.

राजापूरकर (बुधवार, सकाळी ९:०५)

टिपून घेतलं. तलाठ्याकडे पडलेल्या ऐनाच्या कागदासाठी उद्या जातोय, मग मिल. मेस्त्रींना हा धागा वाचून दाखवला. म्हणाले, "दोन बाय पाच ना, मीपण तेच म्हणत होतो."

तिरका_खिळा (बुधवार, सकाळी ९:०७)

खरे मेस्त्री.

माकडछाप (बुधवार, सकाळी ९:३०)

दोन फूट वळचण, सहा फुटांवर. माकडांना चढायला शिडीपण नको. पत्रा घालाच खाली, मी सांगून ठेवतोय.

शेणोली_एक्सप्रेस (शनिवार, दुपारी २:४०)

उशिरा वाचला, फारच उपयोगी धागा. आमचीही पडवी काढायची आहे, कराडजवळ, १२ फूट रुंद, कौलंच. १२ फुटांना दोन बाय सहा चालेल का?

निवृत्त_ओव्हरसियर (शनिवार, दुपारी ४:१०)

चालणार नाही, बाक चौदा-पंधरावर जातो. दोन बाय सात, किंवा मधे एक आडवी भाल घालून गाळा तोडा. पण नवा धागा काढा, आणि पहिल्या ओळीत भिंतीची उंची लिहा.